प्रत्यारोपणानंतरचे जुलाब साधे समजू नका! आतड्यातील जिवाणूंची नवी उपचारपद्धती नेमकी काय?

हिंगोली : रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत अनेक रुग्णांसाठी स्टेम सेल प्रत्यारोपण हा शेवटचा आधार असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ पासून ही सोय आहे. आता हे केंद्र खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये चालते. हिंगोलीहून हे अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. त्यामुळे रुग्ण गावी परतल्यावर धोक्याची खूण ओळखणे घरच्यांच्याच हाती असते.

त्रास का होतो?
दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीराला परके समजून हल्ला करतात. याला 'ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज' (जीव्हीएचडी) म्हणतात. त्वचेवर पुरळ, कावीळ आणि पाण्यासारखे जुलाब ही त्याची प्रमुख लक्षणे. पहिला उपचार स्टेरॉइडचा. त्याला दाद न दिल्यास रक्सोलिटिनिब हे औषध वापरतात. आतड्याचा आजार यालाही जुमानला नाही, तर जिवावर बेतू शकते.

जिवाणूंचा संबंध काय?
केमोथेरपी आणि अँटिबायोटिक्समुळे आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मरतात. अमेरिका, जर्मनी आणि जपानमधील १,३६२ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यात जिवाणूंचे अधिक प्रकार टिकून होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

उपचार कसा करतात?
निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू तपासून, शुद्ध करून एनिमा, नळी किंवा कॅप्सूलद्वारे रुग्णाच्या आतड्यात सोडतात. फ्रान्सच्या 'मात फार्मा' कंपनीने अनेक दात्यांचे जिवाणू एकत्र करून एनिमा तयार केला. स्टेरॉइड आणि रक्सोलिटिनिब दोन्ही निष्फळ ठरलेल्या ६६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २८ व्या दिवशी ६२ टक्के रुग्णांच्या आतड्याच्या त्रासात सुधारणा दिसली. मात्र, या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

धोका आहे का?
आहे. अमेरिकेत एकाच दात्याचे जिवाणू दिलेल्या दोन रुग्णांना औषधांना न जुमानणाऱ्या ई-कोलायचा संसर्ग झाला. त्यातील एकाचा मृत्यू झाला. त्याचे स्टेम सेल प्रत्यारोपण झालेले होते. दात्याची त्या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती. २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने यावर इशारा दिला आणि दात्यांच्या तपासणीचे नियम कडक केले.

घरच्यांनी काय करावे?
- जुलाब, पोटात मुरडा, शौचातून रक्त, पुरळ किंवा ताप दिसताच प्रत्यारोपण केंद्राला त्याच दिवशी फोन करा.
- जवळच्या दवाखान्यात गेल्यास प्रत्यारोपणाची फाइल सोबत न्या.
- जुलाब थांबवण्याच्या गोळ्या किंवा अँटिबायोटिक मनाने देऊ नका.
- 'पोटासाठी चांगले' म्हणून प्रोबायोटिक पावडर किंवा गावठी काढा देऊ नका. प्रतिकारशक्ती कमी असताना त्यातील जिवंत जंतूही घातक ठरू शकतात. दही-ताकही डॉक्टरांना विचारूनच द्या.