कोलकात्यांतील चिनी वस्ती

परदेशांत पोट भरावयास गेलेल्या माणसास धंद्याची निवड क्वचितच मोकळेपणें करतां येते. यजमानांनीं कमी लेखून बाजूस ठेवलेलें काम पुष्कळदां त्याच्या वांट्यास येतें. कोलकात्यांतील चिनी लोकांचा इतिहास या दृष्टीनें विचार करण्यासारखा आहे.

अठराव्या शतकांत, वॉरन हेस्टिंग्ज याच्या कारकीर्दींत, टाँग अछू नांवाच्या चिनी गृहस्थास हुगळीकांठीं जमीन मिळाली. तेथें त्यानें चिनी मजूर आणून साखरेचा कारखाना चालविला. त्याच्या नांवावरून त्या गांवास अछीपूर म्हणतात, व चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक आजहि तेथें दर्शनास जातात. पुढें शहरांत टिरेटा बाजाराभोवतीं चिनी वस्ती वाढली.

या लोकांत धंदे प्रांतवार वांटलेले असत. कँटनकडील लोक सुतारकाम करीत, हूबेई प्रांतांतील लोक दांत बसवीत, तर हक्का लोक जोडे शिवीत. याच हक्कांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शहराच्या पूर्वेस टांगरा येथें कातडीं कमावण्याचे कारखाने काढले. जोड्यांना गिऱ्हाइकांची वाण नव्हती. परंतु कातड्याचा विटाळ मानणारे प्रतिष्ठित लोक त्या धंद्यांत सहसा पडत नसत. चिनी माणसास तो विटाळ ठाऊकच नव्हता.

सन १९६२ मध्यें भारत व चीन यांचें युद्ध झालें. तेव्हां मुख्यतः आसाम व बंगालमधील चिनी वंशाचे सुमारें ३,००० लोक, बायकामुलांसह, खटला न चालवितां राजस्थानांतील देवळी येथील छावणींत ठेवण्यांत आले. त्यांतील कित्येकांचा जन्म याच देशांत झाला होता. सुटकेस कांहींना वर्षें लागलीं. परत येऊन पाहतात तों घरदार व धंदा दुसऱ्याच्या हातीं गेलेला. तेव्हांपासून अनेक कुटुंबांनीं कानडाची वाट धरली. सन १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रदूषणास्तव कारखाने हलविण्याची आज्ञा दिली, आणि टांगऱ्यांत कातड्यांच्या जागीं खानावळी वाढल्या.

आपल्या मुलांच्या आवडीच्या ‘हक्का नूडल्स’मधील हक्का ते हेच लोक. त्यांचें नांव आपल्या ताटापर्यंत आलें. परंतु देवळीची हकीकत आपल्या घरांत फारशी कोणास ठाऊक नाहीं. शेजाऱ्याचा पदार्थ रुचीनें खाणाऱ्यानें त्याच्यावर आपल्याकडून काय गुदरलें, हेंहि मुलांस सांगावें, इतकेंच माझें म्हणणें आहे.