आयत्या पिठावरच्या रेघोट्या

गेल्या माघात सासरच्या एका लग्नात, दुपारची शेवटची पंगत उठून पानसुपारीचे तबक फिरू लागले असता, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मला जवळ बोलावून विचारले, "सूनबाई, तू औषधांवर संशोधन करतेस म्हणे. मग प्रयोगशाळा कुठे तुझी? रोगी कुठे?" एखाद्या उपचाराविषयी जगभर ज्या ज्या चाचण्या झाल्या असतील त्या साऱ्या शोधून काढणे, पारखणे आणि त्यांचा एकत्रित निष्कर्ष मांडणे हे माझे काम, त्याला पद्धतशीर आढावा म्हणतात, असे मी सांगितले. आप्पांनी सुपारी कातरता कातरताच निकाल दिला : "म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या!"

भोवतालची मंडळी हसली, मीही हसले. परंतु हाच अभिप्राय मी विद्वानांच्या बैठकीत "ह्यात नवे ते काय?" अशा शब्दांत, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडून "घरबसल्या होणारा विषय" अशा कौतुकाच्या सुरात इतक्या वेळा ऐकला आहे, की आता त्याचा एकदा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

गैरसमज : आढावा म्हणजे दुसऱ्यांचे वाचून केलेला सारांश.

सारांश लिहिणारा लेखक जे हाताशी आले, जे स्मरणात राहिले आणि जे आपल्या मताला मानवले ते वाचून लिहितो. त्यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही, पण वकिलाने आपलेच साक्षीदार उभे करावेत तसा तो प्रकार असतो. पद्धतशीर आढाव्यात क्रम उलटा आहे. प्रश्न नेमका कोणता, कोणत्या प्रकारच्या चाचण्या ग्राह्य धरावयाच्या, त्या कोठे कोठे शोधावयाच्या आणि कोणता परिणाम मोजावयाचा, हे सारे निकाल पाहण्यापूर्वीच लेखी मुक्रर करून जाहीर नोंदवावे लागते. इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठातून चालणारी 'प्रॉस्पेरो' ही नोंदवही २०११ पासून त्यासाठीच आहे. मागाहून बेत बदलण्यास मज्जाव नाही. मात्र बदलाचे कारण दप्तरी लागते.

त्यानंतर छाननी. शोधातून निघालेले काही हजार गोषवारे दोघे जण एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वाचतात आणि ज्यावर मतभेद होईल ते तिसऱ्यापुढे ठेवतात. अशाच एका निबंधावरून माझी आणि माझ्या सहकाऱ्याची चांगली जुंपली होती. रोग्यांची वाटणी "यादृच्छिक" केली असे लेखकांनी पहिल्या पानावर ठामपणे म्हटले होते. पण पद्धतीच्या परिच्छेदात, जवळजवळ कुजबुजल्यासारखे, असे वाक्य होते की सम तारखेस दाखल झालेल्यांना औषध दिले आणि विषम तारखेस दाखल झालेल्यांना दिले नाही. यात बिघडले काय? बिघडले असे, की आज कोणती तारीख आहे हे दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असते, आणि दारात आलेला अत्यवस्थ रोगी चाचणीत घ्यावा की न घ्यावा हे ठरवताना ते ज्ञान, त्याच्या नकळतही, आपले काम करते. दोन्ही गट आरंभापासूनच असमान झाले, तर शेवटी दिसणारा फरक औषधाचा की तारखेचा, हे सांगणार कोण? लेखकांना पत्र धाडले, उत्तर आले नाही, आणि तिसऱ्याच्या निवाड्याने तो निबंध वगळला गेला. एका निबंधापायी आमचे तीन आठवडे गेले. 'प्रॉस्पेरो'त नोंदलेल्या १९५ आढाव्यांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत नोंदणीपासून प्रकाशनापर्यंतचा सरासरी काळ ६७ आठवडे भरला. घरबसल्या होणाऱ्या विषयाची ही गती आहे.

आणि आता रेघोट्यांविषयी. कारण आप्पांनी नकळत आमच्या वर्मावरच बोट ठेवले होते. ब्रिटिश वैद्य आर्ची कॉक्रन यांनी १९७९ साली आपल्या व्यवसायबंधूंना असा जाब विचारला होता, की प्रत्येक शाखेतील सर्व नियंत्रित चाचण्यांचे चिकित्सक सार काढून ते वेळोवेळी अद्ययावत ठेवण्याची व्यवस्था आपण अद्याप का केली नाही. त्यांच्या नावाने १९९३ साली जी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली तिचे बोधचिन्ह म्हणजे खरोखरच काही रेघा आहेत : मध्ये एक उभी रेघ आणि तिच्या आसपास सात आडव्या. प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचा संभव असलेल्या स्त्रीला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असता अर्भकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होऊन त्याचा जीव वाचतो काय, हा प्रश्न. आणि त्यावरील पहिली चाचणी न्यूझीलंडमधील लिगिन्स व हावी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. रेघ जितकी लांब तितकी त्या चाचणीतील अनिश्चितता अधिक. उभ्या रेघेच्या डावीकडे लाभ, उजवीकडे हानी. आणि आडवी रेघ उभीला शिवली, तर त्या एका चाचणीवरून खात्रीने काही सांगता येत नाही.

सातांपैकी दोनच रेघा उभ्या रेघेला न शिवता स्पष्ट डावीकडे राहतात. येथे सामान्य वाचक, आणि खेदाने म्हणावे लागते की पुष्कळदा वैद्यही, निवडणुकीचा हिशेब करतो : दोन बाजूने, पाच विरुद्ध, ठराव नामंजूर! पण त्या पाच चाचण्या "उपयोग नाही" असे म्हणतच नव्हत्या. एकेकटीने काही सिद्ध करण्याइतके रोगी त्यांच्यापाशी नव्हते, इतकेच. सातही चाचण्यांचे आकडे त्यांच्या वजनानुसार एकत्र केले की तळाशी जो लहानसा हिरा उमटतो, तो उभ्या रेघेपासून निःसंशय दूर असतो, आणि सांगतो की या उपचाराने अशा अर्भकांच्या मृत्यूचा संभव ३० ते ५० टक्क्यांनी घटतो. हा आढावा १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाला नव्हता. दरम्यानच्या वर्षांत हजारो अर्भके जी दगावली, ती ज्ञानाच्या अभावी नव्हे. ज्ञान सात निरनिराळ्या कपाटांत होते आणि कपाटे एकत्र उघडणारा कोणी नव्हता.

हा दाखला अपवादात्मक वाटत असेल त्यांनी हृदयविकाराचा घ्यावा. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजवर १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिले, की १९७३ सालीच, आठ चाचण्या आणि २,४३२ रोगी एवढ्यावर, औषधाने मृत्यू कमी होतात हे सिद्ध होत होते. तरी पुढे आणखी २५ चाचण्या झाल्या, त्यांत ३४,५४२ रोगी घेतले गेले, आणि ज्यांच्या वाट्याला नियंत्रण गट आला त्यांना आधीच सिद्ध झालेले औषध मिळाले नाही. नव्या पिठाचा हव्यास किती महागात पडतो ते यावरून कळावे.

उरलेल्या गैरसमजांची थोडक्यात बोळवण करता येईल.

हे अलीकडचे फॅड आहे. हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका येथील ब्रिटिश फौजांना टोचलेल्या विषमज्वराच्या लशीचे निरनिराळे आकडे कार्ल पिअर्सन यांनी १९०४ सालीच एकत्र करून तपासले होते.

छापून आलेले सर्व वाचले की पुरावा पुरा झाला. फ्लूवरील टॅमीफ्लू या औषधाच्या गुणगानाचा आधार असलेल्या विश्लेषणात दहा चाचण्या होत्या आणि त्यांतील दोनच प्रसिद्ध झालेल्या होत्या, ही गोष्ट २००९ साली एका जपानी बालरोगतज्ज्ञांनी नजरेस आणली; अनेक वर्षांच्या तगाद्यानंतर हाती आलेल्या मूळ अहवालांवरून २०१४ साली निष्पन्न झाले ते हे, की औषधाने प्रौढांची लक्षणे सातऐवजी ६.३ दिवसांत ओसरतात.

आकडे एकत्र केले की चूक संभवत नाही. लहान लहान चाचण्यांच्या बेरजेने हृदयविकारात तारक ठरवलेले मॅग्नेशियम १९९५ साली ५८,०५० रोग्यांच्या एकाच चाचणीत निरुपयोगी ठरले. चाळणी कितीही बारीक असली तरी नासके धान्य गोड होत नाही.

"पुरावा अपुरा" म्हणजे "उपाय बिनधोक". डोक्याच्या गंभीर दुखापतीत स्टेरॉइड देण्याचा प्रघात दशकानुदशके चालू होता. आढाव्याने फक्त "खात्री नाही" एवढेच म्हटले, त्यावरून १०,००८ रोग्यांची चाचणी झाली आणि २००४ साली दिसले, की दोन आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाविना १७.९ टक्के, तर औषधाने २१.१ टक्के होते.

डॉक्टरच्या अनुभवाला येथे किंमत नाही. पुरावा, वैद्याचा अनुभव आणि रोग्याची इच्छा या तिहींचा मेळ, अशीच पुराव्याधिष्ठित वैद्यकाची व्याख्या डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली केली आहे. ती वाचण्याचे कष्ट टीकाकारांनी घ्यावेत.

एकदा आढावा झाला की विषय मिटला. याचे उत्तर मी आप्पांनाच दिले, संध्याकाळी एस.टी.ची वाट पाहत असताना. बोधचिन्हावरचे तेच स्टेरॉइड पुढे भारतासह सहा देशांतील ग्रामीण भागांत, सुमारे एक लाख जन्मांच्या चाचणीत, नव्याने पारखले गेले. नागपूर आणि बेळगाव ही त्यातील आपल्याकडची क्षेत्रे. फार लहान अर्भकांचे मृत्यू घटले नाहीतच, उलट एकंदर नवजात मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले. मग औषध खोटे? तसेही नव्हे, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया येथील रुग्णालयांत, गर्भाचे वय सोनोग्राफीने नक्की करून तेच दिले तेव्हा मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. म्हणजे औषध तेच, पण कोणाला, कोठे आणि कोणत्या शुश्रूषेसह, हे पुन्हा मांडणे आले.

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे जमिनीच्या तंट्यात वादी एकच सातबारा घेऊन नाचायचा. मी म्हणायचो, थांबा, आधी सगळे फेरफार काढा. तसंच का हे?"

"अगदी तसंच."

"मग ते रेघोट्या ओढणं नव्हे, दप्तर लावणं झालं," ते म्हणाले. "दप्तर लावणाऱ्याला आमच्याकडेही कुणी हुशार म्हटलं नाही, सूनबाई. पण तो रजेवर गेला की साहेबांचे निकाल अडायचे."