‘सेवेशी संबंध नाही’ या शेऱ्यामागच्या गोष्टी

धरमवीर सिंग यांचा निकाल आता माजी सैनिकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येतो. अचलपुरातून परतवाड्याकडे जाताना चहाच्या टपरीवरसुद्धा ‘मले धरमवीर लागू होते का?’ असं विचारणारे भेटतात. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी तो दिला, हेही अनेकांना पाठ असतं. त्या निकालामागचा वैद्यकीय बोर्डाचा फॉर्म मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेला हा जवान १९९४ साली फिटच्या आजारामुळे घरी पाठवला गेला. अपंगत्व २० टक्के, सेवा सुमारे नऊ वर्षांची, आणि शेरा ‘सेवेशी संबंध नाही’. पेन्शन नाकारली गेली. उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती दिली, खंडपीठाने काढून घेतली. १९ वर्षांनी दिल्लीत फाईल उघडली तेव्हा न्यायमूर्तींची नजर गेली ती बोर्डाने न दिलेल्या कारणांवर. आजार सेवेमुळे नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. का नाही, हे कुठेच लिहिलं नव्हतं. एवढी वर्षं एक माणूस ज्या मतामुळे घरी बसला, त्या मताला आधार म्हणून एक वाक्यही नव्हतं.

मी परतवाड्यात माजी सैनिकांचे कागद लावून देतो. आमच्याकडे अशा माणसाला ‘बोर्डआउट होऊन आला’ म्हणतात आणि गावात त्यावर फारसं बोलत नाहीत. लग्नाच्या बोलण्यात तर नाहीच. पोरगा फौजेतून परत आला आणि पेन्शन नाही म्हणजे काहीतरी भानगड केली असेल, असं लोक धरून चालतात. म्हणून ही लढाई नुसती पैशांची नसते. अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा बदलून घ्यायला वेगळं पुनर्विलोकन मंडळ असतं आणि त्याच्याकडे साधारण १५ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्याकडे ‘डिस्चार्ज सुधारून द्या’ असा एकच सरधोपट अर्ज नाही. इथे दोन-तीन ओळी बदलून घ्याव्या लागतात: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला का, अपंगत्व किती टक्के, आणि माणसाला कोणत्या नियमाखाली घरी पाठवलं. या ओळी बदलल्या की गावातली नजरही बदलते, हे मी पाहिलं आहे.

शेऱ्यांमधला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला शेरा म्हणजे ‘आजाराची सुरुवात शांत भागात’. जवान छावणीत होता, सीमेवर नव्हता, मग रक्तदाब सेवेमुळे कसा, असा त्यामागचा हिशेब. चांदूर बाजारकडचा एक नायक असाच कागद घेऊन आला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक, त्याच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. तो म्हणाला, ‘घरून गेलो तवा धडधाकट होतो ना जी. बिमारी तं तिथंच लागली.’ मी त्याला पोस्टिंगची यादी तारखांसकट लिहायला लावली. त्याला वाटलं मी वेळ काढतोय. यादी पुरी झाली तेव्हा दिसलं की ज्या छावणीत रक्तदाब ‘सुरू’ झाला, तिथे तो बर्फातली सलग नेमणूक संपवून नुकताच उतरला होता. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला छावणीत. बोर्डाने मोजण्याची तारीख हीच सुरुवातीची तारीख धरली होती, आणि त्याआधीची पोस्टिंग कोणी विचारलीच नव्हती.

बोर्डाच्या डॉक्टरांना मी खलनायक करणार नाही. समोर फाईलींचा ढीग असतो, बदलीचे हुकूम आलेले असतात आणि जवान स्वतः काही बोलत नाही. साहेबासमोर तक्रार करायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. पण नियमांनी बोलण्याचा भार त्याच्यावर टाकलेलाच नव्हता. अपंगत्व पेन्शनचे १९८२ चे नियम सांगतात की भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता असं गृहीत धरायचं. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची नाही आणि रास्त शंका असेल तर फायदा त्याला द्यायचा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं साधारणपणे मानायचं. आधीपासून होता पण सापडण्यासारखा नव्हता, असं म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. धरमवीर निकालाने नवीन काही दिलं नाही. ३० वर्षांपूर्वी छापलेलं वाचून दाखवलं.

म्हणून माणूस दारात आला की माझा पहिला प्रश्न आजाराचा नसतो, ‘कोणत्या साली घरी आलात?’ हा असतो. नियम २००८ साली बदलले, २०२३ साली पुन्हा बदलले, आणि जवानाच्या बाजूची गृहीतकं जुन्या नियमांइतकी ठळक राहिली नाहीत. एकाच पलटणीतले, एकाच आजाराचे दोघे जण वेगवेगळ्या नियमांत अडकलेले मी पाहिले आहेत. तोंडावर सारखाच निकाल, पण हातात वेगवेगळा कागद.

सगळ्यात चटका लावणारा कागद मात्र बोर्डाचा नसतो, तो ‘अनिच्छेचा दाखला’ असतो. प्रकृतीची श्रेणी खाली गेलेल्या जवानाला हलकं काम देता येतं. त्याऐवजी कधी कधी त्याच्यापुढे एक कागद सरकवला जातो: मला हलक्या कामावर राहायची इच्छा नाही. घरची ओढ असते, शेतीची कामं तोंडावर असतात, तो सही करतो. त्या एका सहीने ‘आजारामुळे पाठवलं’ची ‘स्वतःहून गेला’ अशी गोष्ट होते. मग २० वर्षांनी बायको विचारते, ‘तुमी सही कायले केली?’ आणि त्याला ती सही आठवतही नसते.

श्रेणी खाली गेलेल्यांच्या अशाच प्रश्नातून राजपाल सिंग यांचं प्रकरण निघालं. हृदयविकारामुळे श्रेणी खाली गेलेला हा कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी. सैन्याने त्याला घरी पाठवलं, पण आधी इन्व्हॅलिडिंग बोर्ड बसवलंच नाही, नेहमीच्या निवृत्तीवेळची तपासणी उरकली. वरवर पाहता हा तांत्रिक फरक. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की आजारपणाच्या कारणाने मुदतीआधी काढायचं असेल तर इन्व्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस हवीच, मागच्या दाराने काढता येणार नाही. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने पुत्तनलाल प्रकरणात असाच कौल दिला आणि घरी बसवलेल्या माणसांना पुन्हा गणवेशात घ्यायची वेळ आली. ज्यांनी ट्रंक माळ्यावर टाकली होती, त्यांना ती खाली काढावी लागली.

टक्क्यांची गंमत वेगळीच आहे. पेन्शनसाठी अपंगत्व निदान २० टक्के लागतं, त्यामुळे कागदावर १५ ते १९ टक्के दिसले की माणूस दारातून बाहेर. सुखविंदर सिंग यांच्या कानाची श्रवणशक्ती कमी झाली होती आणि बोर्डाने आकडा लावला अवघा ६ ते ७ टक्के. २०१४ साली न्यायालयाने सरळ प्रश्न विचारला: एवढंच अपंगत्व असेल तर माणसाला काढलंच कशाला? सैन्याने काढलं, याचाच अर्थ ते २० टक्क्यांच्या वर होतं. ज्या लहान आकड्याने त्याची पेन्शन अडवली होती, त्याच आकड्याने सरकारची बाजू पाडली.

आणि २० टक्के मान्य झाले की ते २० राहत नाहीत. पाचव्या वेतन आयोगानंतर आलेल्या नियमाने ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरतात, त्यावरचं ७५ आणि ७५ च्या पलीकडचं १००. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे २० टक्क्यांचे ६ आणि ५० चे १५. हा फायदा आधी फक्त बोर्डआउट झालेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने तो मुदत भरून निवृत्त झालेल्या अपंगांनाही मिळाला. सरकारची शेकडो अपिलं त्या एका दिवशी निकालात निघाली. पण अचलपूर तालुक्यात मला असे लोक भेटतात ज्यांची पेन्शन अजून २० टक्क्यांवरच चालू आहे. कारण काय, तर ‘मिळते ना जी, मंग कायले भांडाव?’ हे ऐकलं की माझा जीव तुटतो.

उशिराची किंमतही ठरलेली आहे. तरसेम सिंग १९८३ साली बोर्डआउट झाले, उच्च न्यायालयात गेले १९९९ साली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केलं की पेन्शन नाकारणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे, त्यामुळे दावा शिळा होत नाही. थकबाकी मात्र अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच. हक्क शाबूत राहिला आणि मधली वर्षं गेली. अशी प्रकरणं जिंकून येणाऱ्या घरात पेढे वाटताना कोपऱ्यात कोणीतरी बोटांवर हिशेब करत असतो.

आता कागदांच्या कोठडीतली गोष्ट सांगतो, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच मरतात. सैन्याच्या नियमांप्रमाणे ज्याला पेन्शन नाही त्याची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात. पेन्शनवाल्याची जास्त काळ जपतात. म्हणजे ज्याला चुकीने पेन्शन नाकारली, त्याचाच पुरावा आधी जाळला जातो. मला या नियमाइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही. एका म्हाताऱ्या शिपायाच्या अर्जाला रेकॉर्ड ऑफिसकडून दोन ओळींचं उत्तर आलं: कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट केली आहेत. तो उठून निघालाच होता. त्याच्या आईने, वय नव्वदीकडे झुकलेलं, आतल्या खोलीतून पत्र्याचा डबा आणून ठेवला. त्यात पोराने पाठवलेली सगळी आंतरदेशीय पत्रं होती, निळी, घडीवर फाटलेली. एका पत्रात त्याने लिहिलं होतं की गाडी उलटली, सध्या लष्करी दवाखान्यात आहे, काळजी करू नको. टपालाचा शिक्का तारखेसकट वाचता येत होता. ‘मले वाचता येत नाई बाप्पा,’ ती म्हणाली, ‘पन लेकराचं कागद कोन फेकते?’

आणि अनेकांना माहीत नसलेली एक गोष्ट: बाकी कागद गेले तरी ‘लाँग रोल’ राहतो. भरती कधी, सुटका कधी आणि कोणत्या कारणाने, एवढं त्यात असतं. अर्जात त्याचा उतारा नाव घेऊन मागावा लागतो. नुसतं ‘माझी कागदपत्रं द्या’ लिहिलं की ‘नष्ट’ हेच उत्तर येतं. त्या शिपायाच्या दुसऱ्या अर्जात आम्ही ते शब्द घातले. उतारा आला आणि सुटकेच्या कारणापुढे वैद्यकीय कारण स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याच्या हातातल्या डिस्चार्ज बुकात ते पान वाळवीने नेलं होतं.

न्यायाच्या दारांचीही ये-जा झाली. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ साली सुरू झालं, त्याचं मुंबईतलं पीठ आपलं. तिथे हरलं तर पुढे कुठे? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना या निकालांत हात घालण्यापासून जवळजवळ रोखलं आणि वऱ्हाडातल्या शिपायापुढे दिल्ली एवढाच रस्ता उरला. दिल्लीचा वकील, दिल्लीचा मुक्काम, कशासाठी, तर महिन्याच्या काही हजारांसाठी. कितीतरी जणांनी तिथेच हात टेकले. २१ मार्च २०२३ रोजी परशोत्तम दास प्रकरणात उच्च न्यायालयाचं दार पुन्हा उघडलं. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी फाईल बांधून माळ्यावर टाकली, त्यांना हे सांगायला कोणी गेलं नाही.

दारात उभे असलेले काही जण मात्र भलतंच सांगतात. थकबाकीतला वाटा ठरवून घेणारे, ‘शंभर टक्के केस जिंकून देतो’ म्हणणारे. त्यांच्या तोंडी धरमवीर असतो, नरसिंग यादव कधीच नसतो. २०१९ च्या त्या प्रकरणात जवानाला स्किझोफ्रेनिया होता. न्यायालयाने सांगितलं की काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सापडत नाहीत, म्हणून सेवेत उघड झाला एवढ्यावरच तो सेवेमुळे झाला असं धरता येत नाही. तो जवान हरला. हा निकाल आधी सांगितल्यामुळे माझ्या दारातून रागावून गेलेले आहेत. गेले तरी चालतील. जमीन गहाण टाकून खोट्या आशेवर खटला लढलेलं घर बघायची माझी तयारी नाही.

अजून एक वर्ग आहे, ज्याला डिस्चार्ज बुकही मिळत नाही. खडकवासल्यासारख्या प्रबोधिनीत प्रशिक्षण घेताना जायबंदी झालेली मुलं कमिशन मिळण्याआधीच घरी येतात, म्हणून माजी सैनिक ठरत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्यांची दखल घेतली आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घ्यायचं ठरवलं. अग्निवीरांचे आईबापही आता विचारायला येतात. अपंगत्वाची भरपाई त्यांना एकरकमी आहे: पूर्ण अपंगत्वाला ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५, ५० टक्क्यांना १५. पण अट तीच जुनी, अपंगत्व सेवेमुळे झालेलं हवं. म्हणजे पुन्हा तोच रकाना, पुन्हा तोच बोर्ड.

बिजेंदर सिंग यांची गोष्ट मी या आईबापांना सांगतो. १९८५ साली भरती, सियाचिनवर नेमणूक, फिटचा आजार, १९८९ साली घरी. न्यायाधिकरणाने नाही म्हटलं. २२ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांची पेन्शन आयुष्यभरासाठी दिली. मधल्या ३६ वर्षांत तो जवान म्हातारा झाला. ऐकून झालं की मी त्यांना एकच काम लावतो: पोराला आजच फोन करा, दवाखान्यात नेलं की चिठ्ठीचा फोटो काढून घरी पाठव म्हणावं. गेल्या आठवड्यात एका बापाने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून पोरगा हसला आणि म्हणाला, ‘बाबा, इथं मोबाईल जमा करून घेतात.’ बापाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मग त्याला पत्र लिहायला सांगा.