एका प्रोसेसरवर दोन कामे: ओबीएस आणि एन्कोडर

गेम खेळता खेळता तोच गेम यूट्यूबवर किंवा ट्विचवर थेट दाखवायचा, तर संगणकाच्या प्रोसेसरवर आणखी एका पूर्णवेळ कामाची भर पडते. हे काम केवढे आहे ते आकड्यांवरूनच कळते. १९२०×१०८० मापाचे एक चित्र म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. सेकंदाला अशी ६० चित्रे आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर दर सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट तयार होतात. ट्विच मात्र या दर्जाच्या प्रक्षेपणासाठी ६००० किलोबिट, म्हणजे सेकंदाला ६० लाख बिट पाठवायला सांगते. मूळ माहितीचा पाचशेवा हिस्सा तेवढा पाठवायचा, आणि तरीही भिंतीआडून डोकावणारा प्रतिस्पर्धी प्रेक्षकाला स्पष्ट दिसला पाहिजे. हे जो करतो तो एन्कोडर.

एन्कोडरची मुख्य मेहनत शोधण्यात जाते. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीत चित्राचे १६×१६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाशी जुळणारा भाग आधीच्या फ्रेममध्ये हुडकायचा, सापडला तर तो कुठून कुठे सरकला एवढेच नोंदवायचे, आणि उरलेला फरक गणिताने दाबून लहान करायचा. शोध जितका कसून घ्यावा तितके चित्र चांगले, आणि प्रोसेसरचे कष्टही तितकेच जास्त. बुद्धिबळाचा डाव दाखवताना पडद्यावर फारसे काही हलत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र खेळाडूने नुसती मान वळवली तरी सगळा पडदा बदलतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गेमलाही प्रोसेसर हवा असतो.

शिवाय मुदत ठरलेली. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद. मुंबईच्या लोकलसारखा हा प्रकार आहे. तुम्ही चढलात की नाही हे न पाहता गाडी सुटते, आणि मागची गाडी तिच्या वेळेला येतेच. ज्या फ्रेमचे काम मुदतीत झाले नाही ती सुटली. अशा सुटलेल्या फ्रेम वाढल्या की प्रेक्षकाला स्ट्रीम अडखळत दिसते. खेळणाऱ्याच्या पडद्यावर मात्र गेम अनेकदा गुळगुळीत चाललेला असतो, त्यामुळे काही बिघडले आहे हे त्याला प्रेक्षकांच्या तक्रारींवरूनच समजते.

या सगळ्या कारभाराच्या मध्यभागी आज जो प्रोग्रॅम आहे, तो म्हणजे ओबीएस स्टुडिओ. ह्यू बेली, ज्यांना या क्षेत्रात सगळे जिम म्हणून ओळखतात, त्यांनी २०१२च्या सप्टेंबरमध्ये ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ट्विच सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. बेलींचा प्रोग्रॅम फुकट तर होताच, पण त्याचा सोर्स कोडही जीपीएल परवान्याखाली खुला होता. पहिली आवृत्ती फक्त विंडोजवर चालत असे. पुढे सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहून तो मॅक आणि लिनक्सवरही नेला, आणि त्याला ओबीएस स्टुडिओ हे नाव मिळाले. गेमचे चित्र, वेबकॅम, चौकटी, अक्षरे यांची एकत्र मांडणी तो ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतो. त्यामुळे ओबीएस स्वतः प्रोसेसर फार खात नाही. खातो तो त्याच्या आत बसवलेला एन्कोडर.

सुरुवातीची अनेक वर्षे हा एन्कोडर म्हणजे एक्स२६४. व्हिडिओलॅन प्रकल्पातला हा प्रोग्रॅम २००३ साली लॉरां एमार यांनी सुरू केला आणि लॉरेन मेरिट, फिओना ग्लेझर यांच्यासारख्यांनी तो पुढे नेला. त्याचे वेगाचे महत्त्वाचे भाग हाताने असेंब्लीत लिहिलेले आहेत. सॉफ्टवेअरमधली कारागिरी कशी असते हे कुणाला पाहायचे असेल तर मी एक्स२६४कडेच बोट दाखवीन. त्यात सर्वांत जलद अल्ट्राफास्टपासून सर्वांत संथ प्लासिबोपर्यंत दहा प्रीसेट, म्हणजे वेग आणि दर्जाच्या तयार जुळण्या, आहेत. ओबीएस मुळात व्हेरीफास्ट निवडून देतो आणि घरगुती संगणकावर त्याहून संथ प्रीसेट क्वचितच झेपतो. मीडियमवर नेले तर चित्र सुधारते, पण गेमच्या वाट्याचे कोअर हा शोधच गिळून टाकतो.

त्या काळात सामान्य ग्राहकाच्या डेस्कटॉपमध्ये चार कोअर असत. २०१७च्या मार्चमध्ये एएमडीने रायझेन ७ मालिकेत आठ कोअर आणि सोळा थ्रेड आणले, तेव्हा स्ट्रीमर मंडळींनी ते हातोहात उचलले. त्याच वर्षाच्या शेवटी इंटेलही सर्वसामान्य मालिकेत सहा कोअरवर आली. पण कोअर वाढवणे हा माझ्या मते अर्धाच उपाय होता. दोन कामे एकाच जागी राहिली आणि जागा तेवढी मोठी झाली.

खरा बदल दुसऱ्या बाजूने चालू होता. २०११च्या जानेवारीत इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये क्विक सिंक बसवले. २०१२ मध्ये एनव्हिडियाने केपलर कार्डांमध्ये एनव्हीएन्क आणले आणि एएमडीनेही आपल्या कार्डांत असाच भाग दिला. हा सिलिकॉनचा वेगळा तुकडा असतो आणि व्हिडिओ एन्कोड करणे एवढेच त्याचे काम. गेमची चित्रे काढणाऱ्या कोअरना तो जवळजवळ हात लावत नाही, आणि प्रोसेसरकडे फक्त फ्रेम सोपवण्याची आणि तयार माल नेटवर्कवर पाठवण्याची किरकोळ कामे उरतात.

तरी लोक लगेच तिकडे वळले नाहीत, आणि त्याला कारण होते. पहिल्या पिढ्यांचे चित्र कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी बिट पाठवताना, चौकटी-चौकटी दिसे. गवत, धूर, पाऊस आला की सगळा चिखल. २०१८ मध्ये एनव्हिडियाच्या ट्युरिंग पिढीने हे बदलले. तिचा एन्कोडर व्हेरीफास्टच्या पुढे गेला आणि एक्स२६४च्या मधल्या प्रीसेटच्या जवळपास पोहोचला. २०१९च्या सुरुवातीला ओबीएसच्या २३व्या आवृत्तीत त्याचा नवा जोड आला. आधी प्रत्येक फ्रेम कार्डावरून संगणकाच्या मेमरीत आणून पुन्हा कार्डावर न्यावी लागे. आता ती कार्डावरच राहू लागली. एकाच संगणकावर खेळून स्ट्रीम करणाऱ्यांसाठी प्रश्नाचा निकाल मला तरी तिथेच लागलेला दिसतो.

इथे खरेदीचा एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण मर्यादित पैशांत संगणक जुळवणारी मुले नेमकी यातच अडकतात. सगळ्या ग्राफिक्स कार्डांत एन्कोडर नसतो. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्ये तो नाही. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या स्वस्त कार्डांतूनही तो वगळला आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी एफ असतो, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून क्विक सिंकही नसते. थोडी बचत व्हावी म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आय५-१२४००एफ आणि आरएक्स ६५०० एक्सटी अशी जोडी घरी आणली, तर त्या संगणकात एच.२६४ एन्कोड करणारा एकही वेगळा भाग सापडणार नाही. सगळे ओझे एक्स२६४वर, म्हणजे पुन्हा प्रोसेसरवर. जीटीएक्स १६५०च्या मूळ आवृत्तीत नाव ट्युरिंगचे असले तरी एन्कोडर आदल्या पिढीचा आहे. तो चालतो, पण नंतर आलेल्या १६५० सुपरच्या बरोबरीचा नाही.

आता ज्यांच्याकडे संगणक आहेच त्यांच्याविषयी. प्रोसेसर शंभर टक्के दिसला की बहुतेक जण टास्क मॅनेजर उघडून दिसेल तो प्रोग्रॅम बंद करत सुटतात. त्याऐवजी ओबीएसची स्टॅट्स ही छोटी खिडकी उघडावी. सुटलेल्या फ्रेमचे तीन वेगळे हिशेब तिथे असतात, आणि ओबीएसची सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम वाढत असतील, तर एन्कोडर मुदत चुकवतो आहे. हार्डवेअर एन्कोडर निवडावा. तो नसेल तर प्रीसेट जलद करावा किंवा ७२० ओळींचे चित्र पाठवावे. १२८०×७२० मध्ये ९ लाख २१ हजार ६०० ठिपके असतात, म्हणजे निम्म्याहून कमी काम. साठऐवजी तीस फ्रेम केल्या तर तेही निम्मे होते.

रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर दोष प्रोसेसरचा नाहीच. गेमने ग्राफिक्स कार्ड इतके व्यापले आहे की ओबीएसला चित्र जुळवायलाही सवड मिळत नाही. एनव्हीएन्क घेऊनही स्ट्रीम अडखळते म्हणून वैतागलेल्यांचे दुखणे बहुधा हेच असते. विंडोजवर ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले तर कार्डावर त्याला अग्रक्रम मिळतो. त्याच्या जोडीला गेमच्या फ्रेमवर मर्यादा घालावी.

तिसरा आकडा नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेमचा. तिथे प्रोसेसर बदलून काही उपयोग नाही. बिटरेट उतरवावा आणि वायफायऐवजी केबल लावावी.

फ्रेमची मर्यादा हा उपाय लोकांना पटायला सगळ्यात अवघड जातो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त टेकतात. मर्यादा नसेल तर ते सेकंदाला तीनशे-तीनशे फ्रेमही काढतात, आणि प्रत्येक फ्रेमआधी कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कार्डाला काय काढायला सांगायचे, हा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर तीनशेपैकी निम्म्याहून जास्त फ्रेम पूर्ण स्वरूपात पडद्यावर येतच नाहीत. जास्त फ्रेम असल्या की माऊसच्या हालचालीला प्रतिसाद थोडा लवकर मिळतो हे खरे आहे, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याला तो फरक हवासा वाटणे मी समजू शकतो. पण स्ट्रीम करताना १४४ किंवा १६० वर मर्यादा घातली की प्रोसेसर जो मोकळा होतो, तो गेमच्या दुसऱ्या सेटिंगने सहसा होत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान असल्या तरी एकत्र आल्या की जाणवतात. अख्खा डेस्कटॉप पकडण्याऐवजी गेम कॅप्चर वापरावे. ते गेमचे चित्र कार्डावरच उचलते. चॅट, देणगीच्या सूचना, हलत्या चौकटी यांचा ब्राउझर सोर्स म्हणजे ओबीएसच्या आत चालणारा क्रोमियम ब्राउझर. तो दिसत नसताना बंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. स्ट्रीम करताना रेकॉर्डिंगही हवे असेल तर स्ट्रीमचाच एन्कोडर दोन्हींसाठी वापरता येतो. वेगळा निवडला तर तेच काम दोनदा होते. लॅपटॉपवाल्यांनी उष्णतेकडे पाहावे. तापमानाची मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंख्यात साचलेली धूळ एखाद्या सेटिंगपेक्षा जास्त नुकसान करते.

प्रोसेसरवरच एन्कोड करायचे असेल तर दुसरा संगणक कॅप्चर कार्डाने जोडण्याचा जुना मार्ग आहे. गेम एकावर, एक्स२६४ दुसऱ्यावर. व्यावसायिक स्पर्धांच्या प्रक्षेपणात कामे अशी वेगळ्या यंत्रांवर विभागणे योग्यच आहे. घरी एकट्याने स्ट्रीम करणाऱ्याला आता त्या खर्चाची गरज उरलेली नाही. २०२२ मध्ये इंटेल आर्क, एनव्हिडिया आरटीएक्स ४० आणि एएमडी आरएक्स ७००० या तिन्ही मालिकांनी एव्ही१ या नव्या पद्धतीचा हार्डवेअर एन्कोडर आणला. ओबीएसने त्याच्यासाठी आधार दिला आणि यूट्यूबवर एव्ही१ने थेट प्रक्षेपण करता येते. एव्ही१ला तेवढ्याच बिटरेटमध्ये एच.२६४पेक्षा स्वच्छ चित्र देता येते, पण प्रोसेसरवर तो करायचा म्हटले तर एक्स२६४हून कितीतरी जड पडतो. वेगळ्या सिलिकॉनशिवाय तो घरी थेट प्रक्षेपणात वापरणे कठीणच.

ओबीएस आजही फुकट आहे. प्रायोजक कंपन्या आणि वापरणाऱ्यांच्या देणग्या यांवर त्याचे काम चालते. स्ट्रीममधून ज्यांना चार पैसे मिळतात त्यांनी त्यातले थोडे इकडे द्यावेत, अशी माझी विनंती आहे. आणि ज्यांना संगणक अजून घ्यायचा आहे, त्यांनी दुकानात कोअर आणि गिगाहर्ट्झ विचारण्याआधी कार्डात एन्कोडर आहे का आणि कोणत्या पिढीचा आहे, हे विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा तक्ता पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.