शपथेनंतरचा तिसरा दिवस

कुणी दारू सोडायची शपथ घेतली, की मी आधी त्याच्या बायकोला विचारते, सकाळी उठल्याउठल्या लागायची का गं? लागत असेल तर पुढचे चार दिवस तो मला डोळ्यांसमोर हवा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे चढताना दिसतात, ताप भरतो. यात माणूस दगावतोसुद्धा. डॉक्टरांच्या गोळ्या आणि बी-वनची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर बहुतेक जण सुखरूप बाहेर पडतात. घरच्यांना मात्र ती बाहेरची बाधा वाटते. नाहीतर घाबरून तेच त्याला घोटभर पाजतात, आणि शपथ तिथेच संपते.

मी हजीऱ्याजवळ मोरा गावात एका लहान दवाखान्यात नर्स आहे. पोलाद, खत, गॅस, बंदर, सगळीकडचे कंत्राटी कामगार इथे भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. आमचे खान्देशी आहेत, बिहार-ओडिशाचे आहेत. गुजरात राज्य 1960 मध्ये झालं तेव्हापासून दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा 1949 चा कायदाच पुढे चालू राहिला. तरी दारूची पोटली कुठे मिळते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मी बंदीच्या विरोधात नाही. दाराशी गुत्ता नसला की बाईला थोडा तरी श्वास घेता येतो. पण पिणं हाच गुन्हा असल्यामुळे माणूस दवाखान्याची पायरी चढायला घाबरतो, आणि गावठीत मिथेनॉल मिसळलेलं असेल तर ही भीती जीव घेते. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं. ते आधी डोळ्यांवर येतं. नशा उतरल्यावर, काही तासांनी, सगळं धुरकट दिसू लागतं, पोटात कळा येतात, दम लागतो. या टप्प्यावर इस्पितळ गाठलं तर उतारा आहे, डायलिसिस आहे. 'झोपून उठलं की बरं वाटेल' म्हणत रात्र काढली, तर नजर जाते किंवा जीव जातो. 2016 च्या सप्टेंबरात सुरतजवळच्या वरेलीत कामगार असेच गेले. 2022 च्या जुलैत बोटादच्या लठ्ठाकांडात, म्हणजे विषारी दारूने, चाळीसहून जास्त माणसं गेली. म्हणून मी खोल्याखोल्यांत सांगत फिरते, डोळ्यांपुढे धुकं आलं की लगेच निघा, पोलिसांचं नंतर बघू.

आता थोडं मागचं. हजीऱ्याहून निघणारा 53 नंबरचा महामार्ग व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे जातो. दारूविरुद्ध सामान्य माणसं किती मोठ्या संख्येने उठू शकतात, हे या पट्ट्याने पाहिलेलं आहे. 1922 च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावर मच्छीमारांमध्ये एक देवी अंगात येऊ लागली. डोंगरातून, डांगातून फिरत नोव्हेंबरात ती सुरत जिल्ह्यात पोचली. तिचं नाव सलाबाई. हजारो आदिवासी मांडवाखाली जमायचे आणि अंगात आलेल्यांच्या तोंडून देवी सांगायची, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदाराकडे मजुरीला जाऊ नका. या शेवटच्या आज्ञेत खरी मेख होती. 1878 च्या अबकारी कायद्याने घरची मोहाची दारू गुन्हा ठरली, दुकानातून विकत घेणं भाग पडलं. दुकानदारच सावकार होता, त्यामुळे उधारी वाढत वाढत जमिनी गेल्या. दारू सोडणं म्हणजे त्या उधारीतून मान काढून घेणं होतं. डेव्हिड हार्डिमन यांनी 'द कमिंग ऑफ द देवी' या पुस्तकात हे सगळं तपशिलाने लिहिलं आहे.

त्यातला पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देवी गेली आणि गावं दुभंगली. पाळणारे ते वर्जेला, जुन्या वाटेला परतलेले ते सरजेला. चौधरी आदिवासींनी पुष्कळ काळ पाळलं. त्यांच्यात पुढे गांधीजींचे कार्यकर्ते येऊन राहिले, वेडछीला आश्रम झाला, जुगतराम दवे यांनी आयुष्य तिथेच काढलं. शपथेनंतरही कुणीतरी रोज सोबतीला होतं.

माझी आई शहादा तालुक्यातली, भिल्ल शेतमजुराची पोर. तिथे 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती तिचे पुढारी. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण बाया एकत्र बसू लागल्या तशी नवऱ्याच्या माराची गोष्ट निघाली, आणि त्या उठून गावोगाव दारूची मडकी फोडू लागल्या. गडचिरोलीतही 1988 पासूनच्या चळवळीने 1993 मध्ये जिल्ह्यात बंदी आणवली. तरीही 2016 मध्ये 'मुक्तिपथ' या दारूविरोधी कार्यक्रमाचं काम नव्याने सुरू करावं लागलं, गावसंघटना आणि व्यसनींसाठी तालुक्याला उपचार-केंद्रं, दोन्ही मिळून. बंदी असलेल्या जिल्ह्यालाही उपचाराची गरज भासली, हे आम्हा गुजरातेत राहणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यायला हवं.

आमच्या खोल्यांतल्या बायांचा लहानसा गट आहे. सोडणाऱ्याजवळ पहिले चार दिवस पाळीपाळीने कुणीतरी बसतं. पूर्वी प्यायचा आणि आता पीत नाही, असा एक जण रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर त्याला गाठून खोलीपर्यंत सोबत येतो, कारण घात होतो तो त्या वाटेवर. पगार हातात यायच्या आत आम्ही किराणा आणि भाडं वळतं करतो. श्रावणात कानबाईच्या सणाला लोक खान्देशात गावी निघाले की माझ्या छातीत धडधडतं. नवापूरला महाराष्ट्राची हद्द लागली की परवान्याची दुकानं उघडी, सोबत जुने दोस्त. परतल्यावर कुणी पुन्हा प्यायलेला निघाला, तर त्याला गटातून काढत नाही. पहिल्या दिवसापासून धरतो.

ठेकेदारांकडे आमचं मागणं साधं आहे. पगार शनिवारी संध्याकाळी रोख देऊ नका, मधल्या वारी खात्यात टाका. आणि दारू सोडणाऱ्याला ते चार दिवस रजा द्या, त्याचं नाव हजेरीतून काढू नका. एका ठेकेदाराने पगाराचा वार बदललाय. रजेचं बोलणं अजून चालू आहे.