खिशातील विजेरी

खिशातील विजेरी हे सेलवर चालणारे, मुठीत मावणारे प्रकाशसाधन आहे. बोलण्यात तिला 'टॉर्च' आणि खेड्यापाड्यांत बहुधा नुसते 'बॅटरी' म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला ती रात्रीच्या ओलितासाठी व जागलीसाठी लागते. तिचा हौसेने संग्रह व पारख करणारा वर्गही जगभर आहे. बांधणी आणि पृष्ठाच्या सफाईविषयी या हौशी मंडळींची मते काटेकोर असतात. त्यांतील पुष्कळशी वावरातही खरी ठरतात.

इतिहास

डेव्हिड मिझेल यांना नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी एकस्व १८९९ मध्ये मिळाले. भारतात दीर्घकाळ एव्हरेडी आणि अलाहाबादच्या जीप या कंपन्यांच्या, सरकत्या बटणाच्या धातूच्या विजेऱ्या घरोघरी होत्या. १९७९ मध्ये अमेरिकेत आलेल्या मॅगलाइटने ॲल्युमिनियमचे जाड, आटे पाडलेले शरीर रूढ केले. १९८४ मध्ये तिची दोन पेन्सिल सेलची छोटी आवृत्ती निघाली. पांढरा प्रकाश देणारे एलईडी आल्यावर मोठ्या सेलची गरज उरली नाही आणि विजेरी खऱ्या अर्थाने खिशात आली.

पृष्ठ आणि सफाई

ॲल्युमिनियमच्या विजेरीवर दिसणारा काळा किंवा करडा थर हा सहसा रंग नसतो. आम्लात वीज सोडून धातूच्याच पृष्ठावर ऑक्साइडचा कठीण थर वाढवतात. या प्रक्रियेला ॲनोडीकरण म्हणतात. शोभेचा थर पातळ असतो, तर कठीण प्रकारचा साधारणतः २५ ते ५० मायक्रॉन जाडीचा. हौशी मंडळी प्रथम कडा पाहतात, कारण धारदार कडेवरचा थर आधी झिजतो आणि खालचा धातू चमकू लागतो. ही झीज काहींना दोष वाटते, तर काहींना वापराची खूण. पितळ व तांबे काळवंडतात. ते घासून लखलखीत ठेवावे की तसेच राहू द्यावे, हा वाद संपत नाही. पितळेची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट असल्याने पितळी विजेरी हातात भारदस्त वाटते. सदऱ्याच्या खिशाला मात्र ती ओढ देते.

नळीवरच्या जाळीदार खाचा दिसायला शोभेच्या असल्या, तरी ओल्या हातातून विजेरी निसटू नये हे त्यांचे काम आहे. फार तीक्ष्ण खाचा खिसा फाडतात, फार उथळ असल्यास पकड मिळत नाही. आटे स्वच्छ कापलेले असावेत, झाकण अडखळत फिरू नये, सांध्यात रबरी रिंग असावी, यांवर सहसा मतभेद नसतो.

यवतमाळ जिल्ह्यातील वापर

कृषिपंपांना वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळत असल्याने हिवाळ्यात हरभरा-गव्हाला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला रात्री धुऱ्यावरून चालावे लागते. एका हातात फावडे असते, म्हणून विजेरी एकाच हाताने लागली पाहिजे. शेपटाकडचे बटण अंगठ्याने सहज दाबता येते, पण ते बाहेर आलेले असेल तर खिशात आपोआप दबते आणि ऐन वेळी सेल उतरलेला निघतो. काळ्या मातीचा चिखल आट्यांत शिरला की झाकण अडकते. जोराने फिरवल्यास रबरी रिंग कापली जाते व पुढच्या वेळी पाणी आत जाते.

प्रकाशाचा रंग ही नुसती आवडीची बाब नाही. घोणस रात्री हिंडते आणि तिचे तपकिरी ठिपके वाळलेल्या पाचोळ्यात मिसळून जातात. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना प्रखर वाटतो, पण स्वस्त एलईडीच्या अशा प्रकाशात तपकिरी, पिवळट छटा फिक्या दिसतात. यामुळे अनेक जाणकार किंचित पिवळसर आणि रंग नीट दाखवणारा प्रकाश पसंत करतात. पायाजवळच्या नजरेसाठी पसरट झोत बरा, आणि त्यासाठी परावर्तकाचे पृष्ठ बारीक खडबडीत ठेवतात. रानडुकरांच्या राखणीला किंवा पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांत, जिथे वाघाचा वावर आहे, गुळगुळीत परावर्तकाचा लांब झोत उपयोगी पडतो. एकाच छोट्या विजेरीत दोन्ही गुण पुरेसे उतरणे कठीण असते.

आतच बसवलेल्या, न निघणाऱ्या बॅटरीला हौशी मंडळींचा विरोध असतो. सेल बदलता येणाऱ्या विजेरीत अर्ध्या रात्री खिशातला दुसरा सेल घालता येतो. बंदिस्त विजेरी तेवढ्यापुरती निकामी होते.