चरबीतल्या एकतीस गाठी

केदारखेड्यातल्या आमच्या भावकीतल्या एका काकांचं जिभेच्या कडेचं ऑपरेशन झालं. रिपोर्टात एक ओळ होती: मानेतल्या ३१ लसिका ग्रंथी तपासल्या, २ मध्ये कर्करोग आढळला. तंबाखूची जखम जिभेला, मग मान कशाला उघडली, असं घरचे विचारत होते. मी त्या एकतीस आकड्यापाशीच अडकलो. एवढ्या गाठी मोजल्या कुणी? ओळखीतून परवानगी मिळाली आणि मी छत्रपती संभाजीनगरच्या एका पॅथॉलॉजी विभागात जाऊन बसलो.

तिथं फॉर्मालिनचा वास नाकापेक्षा डोळ्यांना आधी लागतो. मदतनीस मामांनी बरणीतून दुसऱ्याच कुणाच्या मानेतली चरबी काढून टेबलावर ठेवली; तळहाताएवढी, पिवळी, फॉर्मालिननं घट्ट झालेली. वर कुठली बाजू, खाली कुठली, हे कळावं म्हणून सर्जननी दोरे बांधून पाठवलेले. मी डोळे बारीक करून गाठी शोधू लागलो, तशा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सर, इथं डोळ्यांचं काम नाही. बोटांचं आहे."

त्यांनी चरबीचा छोटा तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरला नि हळूहळू दाबत नेला. कापसाच्या बोंडातली सरकी चाचपावी तसं. बोटं थांबली की सुरीचं टोक, आणि चरबीतून गाठ बाहेर. माप घ्यायचं, मधोमध चिरायची, जाळीच्या डबीत ठेवायची, कोणत्या भागातली ते लिहायचं. संपलं असं मला वाटे तेव्हा त्या तोच तुकडा पुन्हा हातात घेत आणि त्यातून आणखी एक निघे. मानेत अशा तीनशेच्या आसपास ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्यातल्या काही भागांतल्याच काढतात.

बहुतेक गाठी आतून एकसारख्या तपकिरी-गुलाबी. एक मात्र चिरली तेव्हा पांढुरकी निघाली, सुरीखाली करकरली. ती मोठीही नव्हती. मॅडम क्षणभर थांबल्या, मामांना फक्त "लेव्हल दोन" एवढं मानेतल्या भागाचं नाव म्हणाल्या आणि पुढचा तुकडा घेतला. त्यांच्या त्या थांबण्याची मला अजून आठवण येते. माणूस कुठल्या तरी वॉर्डात जेवणाच्या डब्याची वाट बघत असेल, आणि इथं त्याच्या आजाराची पुढची पायरी समजत होती.

नंतर डब्या मशीनमध्ये जातात, मेणात बसतात, तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात, काचेवर रंगतात. मॅडमनी भिंगाखाली जुनी काच दाखवली. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी गोळा करणाऱ्या लसिकावाहिन्यांच्या भिंती फार पातळ असतात, पेशींच्या सांध्यांत फटी असतात. जिभेतल्या गाठीच्या पेशी एकमेकींचा हात सोडून त्या फटींतून आत शिरतात. गाठ स्वतःच काही द्रव्यं सोडून जवळ नव्या लसिकावाहिन्या वाढवते. प्रवाह या पेशींना पहिल्या ग्रंथीत नेतो. ग्रंथीच्या आवरणालगतच्या पोकळीत त्या आधी अडकतात. काचेवरही जांभळ्या लिम्फोसाइटच्या काठाला गुलाबी कर्करोगपेशींचा एक लहानसा पुंजका होता. तिथं त्या मरतात, गप्प राहतात किंवा वाढतात. वाढून आवरण फोडलं तर नुसत्या रेडिएशनवर भागत नाही, जोडीला केमोही द्यावी लागते. म्हणून आवरण शाबूत आहे का, हे मॅडम प्रत्येक काचेवर फिरून फिरून बघत होत्या.

"पण मान बाहेरून साफ असेल तर?" मी विचारलं.

"तरीही. आठांमागे एक, सर."

हा आकडा मुंबईच्या टाटा मेमोरियलचा. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे, मानेला काही न लागणारे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाच्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या, दुसऱ्याच्या गाठ दिसल्यावर. ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला: तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात, दुसऱ्यातले ६७.५. म्हणजे आठ जणांच्या माना आधीच साफ केल्या तर एकाचा मृत्यू टळतो. जगभरचा जुना वाद आपल्या परळमध्ये मिटला. घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच होतं.

माझं मत स्पष्ट आहे. सर्जनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. या टेबलावरचं नाव रिपोर्टाच्या तळाला सहीपुरतं उरतं. घाईत दहा गाठींवर काम थांबलं असतं आणि ती पांढुरकी अकरावी असती, तर रुग्णाला चुकीचा दिलासा मिळाला असता. हे काम सावकाशीचं आहे आणि त्याला सावकाशी मिळालीच पाहिजे. आठांमागे एक हा हिशेब या बोटांशिवाय जुळत नाही.

आपल्याकडे मानेत गाठ आली की अवधाण म्हणून हळद-चुन्याचा लेप लागतो. अवधाण बहुधा दुखतं आणि जखम भरली की बसतं. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. कडक लागते आणि राहते. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, मानेतली न दुखणारी गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर लेप बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि रेशनकार्ड सोबत घ्या.